कार्यक्रमांत वाजणाऱ्या वाद्यांचा विमा : दावा नाकारला गेल्यावर पडलेले प्रश्न

तरफ

नमस्कार. मी सतार वाजवतो. गेल्या महिन्यात एक कार्यक्रम संपल्यावर सतार गवसणीत घालण्याआधी दोन मिनिटे गादीवर आडवी ठेवली होती. मंच आवरणाऱ्यांपैकी एकाच्या हातून मॉनिटर स्पीकर निसटला आणि त्याची कड थेट भोपळ्यावर बसली. आवाज फारसा झाला नाही, वाळलेली काटकी पायाखाली मोडावी तेवढाच. वाकून पाहिले तर गुलूच्या (भोपळा आणि दांडी जोडणाऱ्या भागाच्या) खालून निघालेली भेग वळसा घेत तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी फळीच्या) कडेपर्यंत पोहोचली होती, दोन तरफा (मुख्य तारांखालच्या बारीक तारा) सैल पडल्या होत्या आणि घोडी (तारा टेकवणारी पट्टी) जागेवरून किंचित सरकली होती. ही सतार मी एकोणीस वर्षे वाजवतो आहे. तिचा आवाज उघडायला पहिली चार-पाच वर्षे गेली, हे वादक मंडळींना वेगळे सांगायला नको.

घरातील वस्तूंच्या विम्यात ही सतार नावानिशी नोंदवलेली होती आणि हप्ता एकदाही चुकलेला नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. दावा मात्र तीन कारणे देऊन नाकारला गेला. नुकसान घराबाहेर झाले, हे पहिले. मानधन घेतल्यामुळे तो व्यावसायिक वापर ठरतो, हे दुसरे. भेगेचा काही भाग जुना असावा, म्हणजे ती झीज आहे, हे तिसरे. पहिली दोन कारणे मी निमूटपणे ऐकून घेतली, पण तिसरे मनाला फार लागले, कारण त्या दिवशी सकाळी मी स्वतः भोपळा पुसला होता आणि त्यावर भेगेचा मागमूस नव्हता. आज ते सिद्ध करायला माझ्याजवळ काहीही नाही.

म्हणून येथे विचारतो आहे. मंचावर आणि प्रवासात वाद्याला संरक्षण देणारा विमा नेमका कसा असतो, त्यात वाद्याची किंमत कशी ठरते आणि भेग कालची आहे की दहा वर्षांपूर्वीची, हे कोण कसे ठरवतो? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पंचनामा

मी अनेक वर्षे विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण केले आहे. त्यांत वाद्यांचे दावे थोडे होते, पण जे होते ते चांगले लक्षात आहेत.

आपल्या बाबतीत पहिली दोन कारणे कागदावर बरोबर आहेत, हे कटू असले तरी आधी सांगितले पाहिजे. घरगुती विमा घराच्या चार भिंतींसाठी आणि घरगुती वापरासाठी लिहिलेला असतो. त्यात वाद्याचे नाव आले म्हणून वाद्याच्या जगण्याची पद्धत त्यात येत नाही. ज्या वाद्याला मानधन मिळते, मग ते वर्षातून दोनदा का असेना, ते बहुतेक पॉलिसींच्या भाषेत व्यवसायाचे साधन ठरते. काही पॉलिसींत शिकवणी घेणेसुद्धा त्यातच धरतात. म्हणून अर्ज भरताना "हौशी" हा शब्द सहज लिहून टाकू नये. विम्याचा करार परस्परविश्वासावर उभा असतो आणि महत्त्वाची माहिती लपवली गेली असे दिसले, तर केवळ एक दावा नव्हे, पूर्ण पॉलिसीच धोक्यात येऊ शकते.

वादकाला हवी असते ती "सर्व जोखीम" प्रकारची पॉलिसी. घरगुती पॉलिसीत बहुधा आग, चोरी, पूर अशी संकटांची यादी असते आणि यादीत नसलेले संकट मिळत नाही. सर्व जोखीम पॉलिसीत उलट असते. अचानक व अनपेक्षितपणे झालेले प्रत्येक नुकसान त्यात धरले जाते, फक्त जे स्पष्टपणे वगळले आहे ते सोडून. यातला फरक वादाच्या वेळी कळतो. नुकसान अपघाताने झाले एवढे आपण दाखवले, की ते एखाद्या अपवादात बसते हे दाखवण्याची जबाबदारी साधारणतः विमा कंपनीवर जाते. आपले तिसरे कारण अशा पॉलिसीखाली आले असते, तर "जुनी असावी" एवढ्या मोघम शब्दांवर ते टिकवणे कंपनीला अवघड गेले असते.

पण "सर्व जोखीम" हे नाव वाचून पुढची पाने न वाचता सही करणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून त्या पानांबद्दल लिहितो. झीज, हळूहळू होणारा बिघाड, कीड, लाकडाचा अंगभूत दोष आणि हवामानातील बदलाने होणारे नुकसान या गोष्टी जवळजवळ सर्वत्र वगळलेल्या असतात. तार तुटणे, तबल्याची पुडी (वरचे कातडे) फाटणे, व्हायोलिनच्या गजाचे केस झडणे हेही नेहमीचा खर्च मानून वगळतात. दुरुस्ती चालू असताना कारागिराच्या हातून झालेले नुकसान अनेकदा मिळत नाही. सर्वांत जास्त दावे मात्र एका साध्या अटीवर अडतात, आणि ती म्हणजे रिकाम्या गाडीतून झालेली चोरी. कार्यक्रमानंतर मंडळी जेवायला उतरतात, गाडी कुलूपबंद असते, वाद्य मागच्या सीटवर गवसणीत दिसत असते आणि परत येईपर्यंत काच फुटलेली असते. काही पॉलिसींत वाद्य डिकीत नजरेआड असेल तर चोरी ग्राह्य धरतात, काहींत दिवसा धरतात पण रात्री नाही, आणि काहींत गाडीत माणूस नसेल तर अजिबात नाही. हे एक वाक्य स्वतः शोधून वाचावे आणि समजले नाही तर लेखी खुलासा मागावा. तोंडी आश्वासनाचा दाव्याच्या वेळी काहीही उपयोग होत नाही.

आता किंमत. पॉलिसी "बाजारभाव" तत्त्वावर असेल, तर नुकसानीच्या दिवशी तसे वाद्य बाजारात कितीला मिळाले असते यावर वाद सुरू होतो, आणि आपण एकोणीस वर्षे वाजवलेल्या सतारीला घसारा लावला जातो. "मान्य मूल्य" तत्त्वावर असेल, तर दोन्ही पक्षांनी आधीच एक आकडा मान्य केलेला असतो आणि वाद्य पूर्ण गेले की तोच आकडा मिळतो. यंत्राची किंमत वापराने उतरते, पण चांगल्या लाकडी वाद्याची तशी उतरत नाही, उलट काही वाद्यांची चढते. घसाऱ्याचा नियम अशा वाद्यावर अन्याय करतो, म्हणून मान्य मूल्याचाच आग्रह धरावा. त्यासाठी जाणकार कारागिराचे सही-तारखेचे मूल्यांकन लागते आणि ते दर दोन-तीन वर्षांनी नवे करून घ्यावे लागते.

ठेका

मूल्यांकन, नूतनीकरण, दरवर्षीचा हप्ता हे सर्व मोठ्या वाद्यांसाठी ठीक आहे. पण तबल्यासारख्या वाद्याला ते खरोखर परवडते का? पुडी, वाद्या (ती ताणून धरणाऱ्या चामडी पट्ट्या), गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) हे सर्व वापराने संपणारे, म्हणजे पॉलिसीच्या दृष्टीने झीज. राहिले खोड आणि डग्ग्याचे भांडे, आणि ती सहजासहजी मोडत नाहीत. मी हप्त्याएवढी रक्कम दरवर्षी बाजूला टाकतो आणि गरज पडली की त्यातून भागवतो. यात काही चुकते आहे का?

पंचनामा

चुकत नाही. लहान आणि सोसता येणाऱ्या नुकसानीसाठी आपली पद्धत विम्यापेक्षा स्वस्त पडते. म्हणून तर पॉलिसीत पहिला ठरावीक भाग विमेदाराने स्वतः सोसायचा, अशी अट असते. आपल्याला विचार करायचा आहे तो एकाच रात्री सर्व वाद्ये जाण्याचा. साथीला जाताना आपण वेगवेगळ्या पट्टीचे तीन-चार तबले नेत असाल, तर ते सर्व एकाच पिशवीत, एकाच गाडीत असतात. ती पिशवी चोरीला गेली, तर बाजूला टाकलेली रक्कम पुरेल का, हे आपणच ताडून पाहावे. विमा घेतलाच, तर जोडीची अट वाचावी. तबला गेला आणि डग्गा राहिला, तर काही पॉलिसी फक्त गेलेल्या नगाची किंमत देतात आणि उरलेल्या नगाची जोड तुटल्यामुळे झालेली घट देत नाहीत.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगतो, कारण ती सर्वच वादकांना लागू आहे. हप्ता कमी यावा म्हणून किंमत कमी लिहिण्याचा मोह होतो. समजा वाद्याची खरी किंमत १०० आहे आणि विमा ६० चा उतरवला. अपघातात ५० चे नुकसान झाले. लोकांना वाटते की ५० हे ६० च्या आत आहे, म्हणजे पूर्ण मिळतील. पण पॉलिसीत कमी विम्याची अट असेल, तर आपण शंभरातील चाळीस भागांचा धोका स्वतःकडे ठेवला होता असे धरले जाते आणि ५० च्या जागी ३० मिळतात. वाद्य पूर्ण नष्ट न होताही हा फटका बसतो. मूल्यांकन जुने झाले की हीच स्थिती नकळत येते.

सरस

मी तंतुवाद्ये बनवतो आणि दुरुस्त करतो. भेगेच्या वयाचा प्रश्न आमच्याकडेच येतो, म्हणून त्यावर लिहितो.

ताजी भेग आणि जुनी भेग यांत बराच फरक असतो आणि तो साध्या भिंगातून दिसतो. ताज्या भेगेच्या कडा धारदार असतात, आतला भोपळा फिकट आणि कोरडा दिसतो, वरचे पॉलिश काचेसारखे तडकून त्याचे बारीक कपचे भेगेच्या काठावर चिकटलेले असतात. जुन्या भेगेत धूळ, तेलकट घाम आणि पुसण्याच्या फडक्याचे तंतू शिरलेले असतात, आतला रंग काळपट होतो आणि कडा बोटाला गुळगुळीत लागतात. पूर्वी सांधलेली असेल तर आत सरस दिसतो. शिवाय आघाताने पडलेल्या भेगेला एक मूळ असते. जिथे मार बसला तिथे खोलगट खूण किंवा तारकेसारखे फाटे असतात. सुकल्यामुळे पडलेली भेग लाकडात रेषेने सरळ जाते आणि तिला असे मूळ नसते.

तरफ यांनी लिहिल्याप्रमाणे भेग वळसा घेऊन गेली असेल आणि स्पीकरची कड बसलेली जागा स्पष्ट असेल, तर मी तरी ती आघाताचीच म्हटली असती. पण हे सर्व पहिल्या काही दिवसांत पाहावे लागते. वाद्य पुसले, हाताळले, दोन दिवस वाजवून पाहिले, की पुरावा मळतो. माझ्याकडे अनेकजण भेग स्वच्छ करून, कधी स्वतःच गोंद घालून वाद्य आणतात. त्या वाद्याबद्दल मी प्रामाणिकपणे काहीच लिहून देऊ शकत नाही.

हवामानाच्या अपवादाबद्दलही सांगतो, कारण त्यात वादकाच्या हाती बरेच काही असते. लाकडी वाद्याला साधारण ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. वातानुकूलित सभागृहातून बाहेरच्या दमट हवेत आणि पुन्हा कोरड्या खोलीत अशी ये-जा झाली, की लाकूड फुगते, आकसते आणि सांधे बोलू लागतात. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर आतला पृष्ठभाग इतका तापतो की सरसाचे सांधे मऊ पडून तारांच्या ताणाने सुटतात. असे नुकसान विम्यात बहुधा बसत नाही, कारण ते निष्काळजीपणा किंवा हवामान या सदरात टाकले जाते. कठीण पेटीत आर्द्रतामापक ठेवला, तर वाद्य वाचते आणि आपण काळजी घेत होतो याची नोंदही राहते.

एका गोष्टीची मला वारंवार खंत वाटते. दुरुस्तीनंतर वाद्य पुन्हा वाजते, पण खरेदीदार सांधा पाहतो आणि किंमत पाडतो. ही घट भरून मिळते का?

पंचनामा

मिळू शकते, पण पॉलिसीत तसे लिहिलेले असेल तरच. वाद्यांसाठी खास तयार केलेल्या पॉलिसींत दुरुस्तीचा खर्च अधिक दुरुस्तीनंतरची मूल्यघट असे कलम आढळते. साध्या पॉलिसीत फक्त दुरुस्तीचे बिल मिळते. सरस यांनी विचारलेला प्रश्न जुन्या वाद्यांसाठी फार मोठा आहे. दुरुस्तीचा खर्च थोडा आणि मूल्यघट त्याच्या कितीतरी पट, अशी उदाहरणे होतात. आपल्या पॉलिसीत हे कलम नसेल तर ते वाढवून मागावे.

गज

मी व्हायोलिन वाजवतो आणि वर्षातले बरेच महिने प्रवासात असतो. विमानप्रवासाबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो. वाद्य सामानात दिले आणि मोडले तर विमान कंपनी भरून देईल, असे अनेकजण धरून चालतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो आणि त्यात सामानाच्या नुकसानीची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकार या एककात ती डिसेंबर २०२४ पासून १,५१९ आहे. त्याआधी ती १,२८८ होती. ही मर्यादा सर्व सामान मिळून आहे, एकट्या वाद्याची नाही, आणि चांगल्या वाद्यापुढे ती अपुरीच पडते. सामान ताब्यात देताना विशेष मूल्य जाहीर करून जादा आकार भरला तर मर्यादा वाढते, पण काउंटरवर ते मागणारे वादक मी फार थोडे पाहिले. शिवाय सामानातील अंगभूत दोषामुळे झालेले नुकसान याही करारात वगळलेले आहे, म्हणजे तरफ यांना ऐकावा लागलेला मुद्दा तिथेही पुढे येऊ शकतो.

मुदती लक्षात ठेवाव्यात. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. पेटी वरून धड दिसते म्हणून न उघडता घरी नेणे ही मोठी चूक आहे. मी सामानाच्या पट्ट्याजवळच उभा राहून पेटी उघडतो, आतला खांब जागेवर आहे का हे फटीतून विजेरीने पाहतो, चारही तारा छेडतो आणि मगच बाहेर पडतो. लोक थांबून पाहतात, पण मला त्याचे काही वाटत नाही.

दुसरा मुद्दा सीमाशुल्काचा. सरकारी यंत्रणेने वाद्य जप्त केले तर ते नुकसान जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत वगळलेले असते. बहुतेक आफ्रिकन हत्तींचा हस्तिदंत आणि ब्राझिलियन रोजवुडचे लाकूड हे दोन्ही साईट्स कराराच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) सर्वांत कडक यादीत आहेत, आणि रोजवुड त्या यादीत १९९२ पासून आहे. जुन्या गजाच्या टोकावरची पांढरी चकती किंवा जुन्या सतार-तंबोऱ्यावरचे नक्षीकाम हस्तिदंताचे असू शकते. याउलट डालबर्जिया कुळातील (रोजवुड ज्यात येते त्या कुळातील) इतर लाकडांची पूर्ण तयार वाद्ये २०१९ च्या अखेरीपासून परवान्याच्या अटीतून वगळली गेली. वारंवार सीमा ओलांडणाऱ्या वाद्यासाठी वेगळे वाद्य-प्रमाणपत्र मिळते. आपल्या वाद्यात नेमके कोणते पदार्थ आहेत हे कारागिराकडून लिहून घेतले, तर तोच कागद मूल्यांकनालाही चालतो.

आणि एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हायोलिनवादक मिन-जिन किम यांचे १६९६ चे स्ट्रॅडिव्हेरियस २०१० मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळील एका उपाहारगृहातून चोरीला गेले. विम्याची रक्कम मिळाली, ती स्वीकारून त्यांनी दुसरे वाद्य घेतले. २०१३ मध्ये पोलिसांना मूळ वाद्य सापडले, पण तोवर रक्कम दिल्यामुळे त्याची मालकी विमा कंपनीकडे गेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ते लिलावात १३ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले आणि त्यांच्याकडे परत आले नाही. ज्या वाद्यावर वर्षानुवर्षे हात बसला ते सापडूनही आपले नसणे काय असेल, याची कल्पना येथे वाचणाऱ्या प्रत्येकाला करता येईल. म्हणून पॉलिसी घेतानाच विचारावे की वाद्य नंतर सापडले तर मिळालेली रक्कम परत करून ते घेण्याचा पहिला हक्क विमेदाराला आहे का. काही पॉलिसींत तो असतो, नसेल तर लिहून मागावा.

ध्वनिरेषा

मी कीबोर्ड वाजवतो आणि छोट्या कार्यक्रमांचे ध्वनिसंयोजनही पाहतो. लाकडी वाद्यांबद्दल बरेच आले, विजेच्या वाद्यांबद्दल थोडे लिहितो.

जनरेटरवरून मुख्य वीजपुरवठ्यावर बदल करताना दाब वाढला आणि माझ्या कीबोर्डचा मुख्य बोर्ड गेला. वाद्य बाहेरून नव्यासारखे होते, फक्त आतून जळका वास येत होता. दावा केला तेव्हा कळले की "विद्युत वा यांत्रिक बिघाड" वगळलेला आहे. बिघाडातून आग लागली असती तर आगीचे नुकसान मिळाले असते, बिघाडाचे नाही. तेव्हापासून मी हे कलम जादा हप्ता देऊन समाविष्ट करून घेतो आणि दाब स्थिर ठेवणारे उपकरण मध्ये असल्याशिवाय मंचावरचे काहीही सुरू करत नाही.

दुसरे म्हणजे, वाद्याचा विमा आणि दायित्वाचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या स्पीकरचा स्टँड पडून स्पीकर फुटला तर पहिला लागतो, तोच स्टँड श्रोत्याच्या खांद्यावर पडला तर दुसरा. तरफ यांच्या प्रसंगात उलट बाजूने पाहिले, तर मंच आवरणाऱ्या मंडळींच्या हातून नुकसान झाले आहे. आयोजकांकडे किंवा ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्याकडे दायित्वाचा विमा असेल, तर त्यांच्याकडे भरपाई मागण्याचा मार्ग अजून खुला असू शकतो. आपण त्यांना लेखी कळवले आहे का?

तरफ

नाही कळवले. आयोजक ओळखीचे आहेत, त्या मुलाने हात जोडून क्षमा मागितली होती आणि मला त्याच्यावर काही ओढवून घ्यायचे नव्हते. दावा विमा कंपनीकडे होईल असे गृहीत धरून मी तो विषय तिथेच सोडला.

आणखी एक शंका आहे. माझ्याकडचा तंबोरा माझा नाही. तो गुरुजींचा आहे आणि त्यांनी तो मला वापरायला दिला आहे. त्याचा विमा मी उतरवू शकतो का?

पंचनामा

ध्वनिरेषा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला तो आधीच सुचायला हवा होता. त्या मुलाबद्दल आपल्याला वाटले ते योग्यच आहे, पण मागणी त्याच्याकडे करायची नसते. कामावर असलेल्या माणसाच्या चुकीचे दायित्व साधारणतः काम देणाऱ्याकडे जाते आणि त्यासाठीच तो विमा असतो. प्रसंगाची तारीख, वेळ, साक्षीदार आणि छायाचित्रे यांसह सौम्य भाषेत पण लेखी कळवा. उशीर झालेला असला तरी आणखी करू नका.

तंबोऱ्याबद्दल : ज्या वस्तूच्या नुकसानीने आपले आर्थिक नुकसान होते, तिच्यातच आपले विमेय हित असते. वाद्य उसने असेल आणि मोडल्यास भरून देण्याची जबाबदारी आपण स्वीकारली असेल, तर असे हित असते. पण ते कागदावर हवे. गुरुजींकडून चार ओळींचे पत्र घ्या : वाद्य कोणाचे, कोणाच्या ताब्यात, कधीपासून, किंमत काय आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची. पॉलिसीत त्यांचे नाव मालक म्हणून नोंदवा. गुरूंकडे असा कागद मागणे अनेकांना अवघड वाटते, हे मी समजू शकतो. पण वाद्य खरोखर गेले आणि कागद नसेल, तर त्या वेळचा प्रसंग कितीतरी अवघड असतो. भाड्याने आणलेल्या वाद्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे भाड्याच्या करारात जबाबदारी लिहिलेली असते आणि ती सही करण्यापूर्वी वाचायची असते.

ठेका

एक व्यावहारिक अडचण आहे. सर्वेक्षक येईपर्यंत वाद्याला हात लावू नये म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असेल तर काय करायचे? दुसरे वाद्य भाड्याने आणले तर तो खर्च कोण देतो?

पंचनामा

पर्यायी वाद्याच्या भाड्याचे कलम वाद्यांच्या काही पॉलिसींत असते. असेल तर ठरावीक दिवसांपर्यंत खर्च मिळतो. दुरुस्ती खरोखर थांबू शकत नसेल, तर आधी कंपनीला लेखी कळवून तातडीच्या कामाची परवानगी मागा, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, मोजपट्टी शेजारी ठेवून भेगेचे जवळून छायाचित्र घ्या आणि निघालेला प्रत्येक तुकडा, तुटलेली तारसुद्धा, पिशवीत घालून ठेवा. मी एकदा घोडीचा अर्धा तुकडा पाहून अपघाताची दिशा ठरवली होती. तो तुकडा कचऱ्यात गेला असता, तर त्या वादकाच्या बाजूने लिहिणे मला शक्य झाले नसते. चोरी असेल तर पोलिसांकडची नोंद त्याच दिवशी करा. "हरवले" आणि "चोरीला गेले" हे शब्द तक्रारीत जपून वापरा, कारण कसे नाहीसे झाले हे सांगता न येणारे नुकसान काही पॉलिसींत वगळलेले असते.

तरफ

सर्वांचे मनापासून आभार. काल सतार कारागिराकडे नेली. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि सरस यांनी लिहिले तसेच सांगितले. स्पीकरची कड बसलेल्या जागी नखाएवढा खळगा आहे, तिथून तीन बारीक फाटे निघतात आणि त्यांतला एक मोठा होऊन तबलीपर्यंत गेला आहे. मी सुदैवाने सतार पुसली नव्हती, दुःखाने गवसणी पुन्हा उघडलीच नव्हती. त्यामुळे पॉलिशचे कपचे अजून जागेवर होते. त्यांनी सही-तारखेनिशी लेखी अभिप्राय दिला आहे आणि तो जोडून मी आयोजकांना आज पत्र पाठवले. त्यांचा फोन आला, ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्याकडे दायित्वाचा विमा आहे असे ते म्हणाले. पुढे काय होते ते येथे कळवीन.

तोवर उरलेल्या वाद्यांचे काम हाती घेतले आहे. दुसरी सतार, सूरबहार आणि तंबोरा यांची प्रत्येकी वीसेक छायाचित्रे काढली : भोपळा चारही बाजूंनी, गुलूचा सांधा, दांडीची मागची बाजू, खुंट्या, घोडी, तबलीवरचे जुने ओरखडे. सूरबहाराच्या तबलीवर डाव्या कडेला एक केसाएवढी रेघ आहे, ती मला आजवर दिसलीच नव्हती. ती मी तारखेसह नोंदवली आहे आणि मूल्यांकनात "पूर्वीची" म्हणून लिहून घेणार आहे. नव्या पॉलिसीसाठी दोन ठिकाणी विचारणा केली आहे. रिकाम्या गाडीची अट, मूल्यघट आणि वाद्य सापडल्यास परत घेण्याचा हक्क या तिन्हींचे उत्तर लेखी मागितले आहे. एका ठिकाणाहून उत्तर आले, त्यात तिसऱ्या प्रश्नाचा उल्लेखच नाही, म्हणून तो पुन्हा विचारला आहे. गुरुजींना पत्राबद्दल उद्या सकाळी भेटून सांगणार आहे.

सरस

सूरबहाराची ती रेघ लाकडाच्या रेषेने सरळ जाते की तिरकी? सरळ असेल तर हवेतला कोरडेपणा तपासा आणि तार थोडी उतरवून ठेवा. वाढू लागली तर वेळीच सांधता येईल, त्यासाठी वाट पाहू नका.

तरफ

सरळ जाते. आज रात्रीच तारा उतरवतो.